उन्हाळ्यातील कीटक : कोणते उदंड, कोणते विरळ?

कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या काठचे, निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आणि उसाच्या फडांनी वेढलेले गाव. एप्रिलच्या कडक उन्हात येथे कीटकांची वर्दळ फारशी जाणवत नाही. फुलावर आलेल्या झाडाभोवती मधमाश्या, पिकलेल्या फळांवर चिलटे आणि साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या, एवढेच काय ते नजरेस पडते. वळवाची पहिली दमदार सर कोसळली, की मात्र चित्र एका रात्रीत पालटते. दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमतात आणि शेताच्या बांधावरील कडुनिंबाच्या पानांतून कुरतडण्याचा बारीक आवाज येऊ लागतो. तो आवाज हुमणीच्या भुंगेऱ्यांचा असतो.

ऊस उत्पादकाच्या दृष्टीने उन्हाळ्यातील सर्वांत महत्त्वाची कीटकनोंद हीच. पश्चिम महाराष्ट्रात हुमणीच्या दोन जाती विशेष आढळतात. होलोट्रायकिया सेरेटा ही माळावरची हुमणी, तर ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही नदीकाठची. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसाने जमीन भिजली, की अंधार पडता पडता बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर ते गोळा होतात, पाने खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. दिवसा शेतात हिंडणाऱ्यास त्यांचा पत्ताही लागत नाही. सकाळी दिसतात ती फक्त झाडाची चाळण झालेली पाने.

मादी मातीत साधारणतः ५०-६० अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी आरंभी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगते, पुढे मुळांकडे वळते. पांढरट, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची ही अळी पूर्ण वाढली, की उसाची मुळे फस्त करते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फडातील बेटे पिवळी पडून वाळू लागतात आणि ओढताच हातात येतात. त्या वेळी अळी मातीत खोल, ऊस डोक्याएवढा आणि औषध मुळापर्यंत पोहोचवणे महाकठीण, अशी अवस्था असते. म्हणून मे-जूनमधील त्या काही संध्याकाळींचे मोल मोठे आहे. या किडीची वर्षाला एकच पिढी होत असल्याने अंडी घालण्यापूर्वी वेचलेला प्रत्येक भुंगेरा पुढील वर्षाचाही हिशेब बदलतो. झाडावर सरासरी वीस किंवा त्याहून अधिक भुंगेरे आढळल्यास उपाय योजावेत, असे कृषी विभागाच्या सल्ल्यात सांगितले जाते. उपायही साधा आहे. रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. मात्र एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावरील बाभळीवर कोणी फिरकले नाही, तर तेथील माद्या आपल्याच फडात येऊन अंडी घालतात. प्रकाश सापळ्याचाही उपयोग होतो, परंतु तो रात्रभर जळत ठेवू नये. त्यात उपकारक कीटकही मरतात.

उपकारक कीटकांचे महत्त्व या भागाने २००२ साली चांगलेच अनुभवले. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. पानांच्या मागील बाजूस कापूस पिंजून लावल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकट स्राव आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी, असे फडांचे रूप होते. पुढे डिफा व मायक्रोमस हे त्याचे भक्षक कीटक वाढले. त्यांच्या अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावण्यात आली आणि मावा आटोक्यात आला. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत हा मावा एरवीही घटतो. तेव्हा मे महिन्यात तो दिसला नाही, म्हणून तो कायमचा गेला असे समजण्याचे कारण नाही.

शेतीबाहेरच्या कीटकांकडे पाहिले, तर मृगाच्या किड्याचा उल्लेख टाळता येत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ओल्या मातीवर चालणारा हा लाल मखमली जीव अनेकांच्या बालपणाचा सोबती. शास्त्रीयदृष्ट्या तो कीटक नव्हेच. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या नात्यातला. पिल्लावस्थेत तो इतर कीटकांच्या अंगावर जगतो, म्हणजे त्याचे असणे-नसणे इतरांच्या संख्येशी बांधलेले आहे. काजव्यांचेही तसेच. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात मेअखेरीस झाडेच्या झाडे लुकलुकतात, कारण तेथे त्यांच्या अळ्यांना ओलसर पालापाचोळा आणि खाण्यास गोगलगायी मिळतात. नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच शोधतात. ते पाहण्यासाठी येणाऱ्या गाड्यांचे दिवे नेमका त्यातच अडथळा आणतात, हा यातील विरोधाभास.

वेदगंगेच्याच वरच्या अंगाला, भुदरगड तालुक्यात, पाटगाव आहे. ‘मधाचे गाव’ म्हणून ते आता ओळखले जाते. तेथील मधपाळांना जंगलातील फुलोऱ्याची आणि माश्यांच्या संख्येची नोंद उत्पन्नासाठीच ठेवावी लागते.

‘पूर्वीसारखे किडे आता राहिले नाहीत’ असे आपण सहज म्हणतो. ते खरेही असू शकेल. जर्मनीतील ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षे एकाच पद्धतीच्या सापळ्यांनी केलेल्या नोंदींवरून उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. पण तेथे २७ वर्षांच्या नोंदी होत्या. आपल्याकडे बहुतांशी आठवणी आहेत आणि आठवण फसवी असते. उदाहरणार्थ, रस्त्यावरील दिव्याखाली आता किडे कमी दिसतात. परंतु गेल्या काही वर्षांत जुन्या पाऱ्याच्या दिव्यांच्या जागी एलईडी आले आणि त्यांच्यात कीटकांना खेचणारे अतिनील किरण जवळजवळ नसतात. किडे घटले की दिवा बदलला, हे केवळ पाहून ठरवता येणार नाही.

त्यासाठी नोंद ठेवण्याची शिस्त हवी. जागा तीच, वेळ तीच, पाहण्याचा कालावधी तोच. उदाहरणार्थ, रोज सायंकाळी साडेसात वाजता अंगणातील एकाच कडुनिंबाखाली दहा मिनिटे. सोबत तारीख, पाऊस, वारा आणि दिव्याचा प्रकार लिहावा. नाव ठाऊक नसेल तर ‘तपकिरी भुंगेरा, बोटाच्या पेराएवढा’ असे वर्णन चालते. एकही कीटक दिसला नाही, तर त्या दिवशी ‘शून्य’ लिहिणे अत्यावश्यक. हौशी नोंदवह्यांत नेमके हेच राहून जाते. रिकामी ओळ पाहून पुढच्या वर्षी कळत नाही, की कीटक नव्हते की पाहणाराच गेला नव्हता.