वर्धा नदीपलीकडील निजाम

आपल्या जिल्ह्यास नाव देणारी वर्धा नदी ही एकेकाळी दोन सत्तांची सीमा होती. पुलगावहून नदी ओलांडली की वऱ्हाड लागे, आणि त्या भूमीवर कागदोपत्री स्वामित्व हैदराबादच्या निजामाचे होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर त्यांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला. तरीही १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले व त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली.

म्हणूनच १५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजाम भारतात सामील होईना, तेव्हा हा प्रश्न वर्धेकरांसाठी दूरचा नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराने तो सुटला नाही. संस्थानात रझाकारांचे अत्याचार वाढले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली जनता लढत राहिली. अखेर सरदार पटेलांच्या निर्धाराने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजाम नमला. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने त्याने भारताची राज्यघटना स्वीकारली. वऱ्हाडावरील जुना हक्कही इतिहासजमा झाला.

१९५६ मध्ये विदर्भ व मराठवाडा एकाच राज्यात आले. आज पुलावरून सहज पलीकडे जाणाऱ्या नव्या पिढीने, ही एकात्मता ज्यांच्या त्यागातून लाभली त्यांचे कृतज्ञ स्मरण ठेवावे.