अग्निबाणशाळेंतील घातपात

'घरचा भेदी लंका दहन' ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, तिचा अर्थ थांबून तपासावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. बाहेरचा शत्रु तटावरून दिसतो. आंतला दिसत नाहीं, म्हणून तो अधिक भयंकर, हें म्हणणें खोटें नव्हे. परंतु 'दिसत नाहीं' ह्या दोन शब्दांतच एक मोठा धोका दडलेला आहे. न दिसणारा भेदी आहे हें सिद्ध करणें जितकें कठीण, तितकेंच तो नाहीं हें सिद्ध करणेंहि कठीण. आणि राज्यकर्त्यांच्या मनांत भेद्याचें भय एकदां शिरलें म्हणजे ही दुसरी अडचण निरपराध माणसाच्या गळ्यास फांस होऊन बसते. रशियांतील अग्निबाणसंशोधनाच्या इतिहासांत ह्याचें एक ठळक उदाहरण सांपडतें. ज्या माणसानें पुढें मनुष्यास अंतराळांत पोंचविलें, त्यासच एके काळीं त्याच्या संस्थेंतील घातपाती ठरवून सक्तमजुरीवर पाठविण्यांत आलें होतें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अग्निबाण हें अस्त्र आपणांस नवें नाहीं. पेशवाईंतील फौजांबरोबरहि बाण असत. परंतु तो बाण दारूचा. द्रवरूप इंधनावर चालणारा अग्निबाण ही विसाव्या शतकाची निर्मिति होय, आणि तिच्यामागें लढाईपेक्षां वेगळी अशी एक आकांक्षा होती. पृथ्वीचें आकर्षण ओलांडून पलीकडे जातां येईल, हें रशियांतील शाळामास्तर त्सिओल्कोव्हस्की ह्यानें १९०३ सालींच गणितानें दाखविलें होतें. त्याच्या लेखनानें भारलेल्या कांहीं तरुणांनीं १९३१ सालीं मॉस्को येथें एका तळघरांत आपलें काम आरंभिलें. 'फुकट काम करणाऱ्या एंजिनियरांचा संघ' असें आपल्या संघाच्या आद्याक्षरांचें विडंबन ते स्वतःच करीत. १७ ऑगस्ट १९३३ रोजीं नाखाबिनो येथील मैदानावरून त्यांचा पहिला अग्निबाण सुमारें ४०० मीटर उंच गेला. त्यांचा म्होरक्या सेर्गेई कोरोलेव्ह हा त्या वेळीं अवघा २६ वर्षांचा होता.

लेनिनग्राड येथें दुसरा एक संघ लष्कराच्या आश्रयानें दारूचे बाण तयार करण्यांत गुंतला होता. सेनानी तुखाचेव्स्की ह्याच्या पुढाकारानें १९३३ च्या शरदृतूंत हे दोन्ही संघ एकत्र करून मॉस्को येथें अग्निबाणसंशोधनाची एक स्वतंत्र संस्था स्थापण्यांत आली. इव्हान क्लेइमेनोव्ह हा तिचा प्रमुख व कोरोलेव्ह हा त्याचा दुय्यम झाला. पण हा संसार सुखाचा नव्हता. एका पक्षास रणांगणावर लवकर उपयोगी पडणारें अस्त्र हवें होतें. दुसऱ्याची नजर दूरच्या आकाशावर होती. कांहीं महिन्यांतच कोरोलेव्हची जागा गेओर्गी लांगेमाक ह्यास मिळाली आणि कोरोलेव्ह पंख असलेल्या अग्निबाणांच्या रचनेकडे वळला. शास्त्रज्ञांच्या संस्थेंत असे मतभेद व असे हेवेदावे असावयाचेच. निरोगी राज्यांत ते बैठकींतील वादावर आणि फार तर अबोल्यावर संपतात. येथें ते पुढें वधस्तंभापर्यंत गेले.

ह्या कामाचें स्वरूपच असें होतें कीं, संशय घेणाऱ्यास रोज नवा पुरावा मिळावा. ग्लुश्को ह्यानें रचिलेल्या एंजिनांत घासलेट व नायट्रिक आम्ल हीं दोन द्रव्यें दाबाखालीं एका लहानशा कोष्ठांत फवारावयाचीं व तेथें तीं पेटवावयाचीं अशी योजना होती. पेट घेण्यास क्षणाच्या अल्पशा भागाइतका उशीर झाला तरी न जळलेलें इंधन कोष्ठांत सांचतें आणि मग तें सगळें एकदम पेटून एंजिनाच्या ठिकऱ्या होतात. वेळेवर पेट घेतला तरी ज्वालेची उष्णता एवढी प्रखर कीं, भिंत सतत थंड न ठेविल्यास ती वितळून जाते. सारांश, एंजिन फुटणें हा ह्या शास्त्रांत अपघात नव्हता, अभ्यास होता. फुटलेल्या तुकड्यांवरून शोधकास 'काय चुकलें?' असा प्रश्न पडतो. 'हें कोणीं केलें?' असा प्रश्न त्याच तुकड्यांस विचारला कीं मात्र ते मुके होतात. कारण हेतु हा धातूवर उमटत नसतो.

आणि त्या काळच्या रशियांत हाच दुसरा प्रश्न विचारण्याची रीत पडून गेली होती. १९२८ सालीं शाख्ती येथील खाणींच्या खटल्यांत ५३ एंजिनियर व कारागीर ह्यांवर मुद्दाम नासधूस केल्याचा आरोप झाला होता. १९३० सालीं नामांकित तंत्रज्ञांवर तसाच दुसरा खटला झाला. दंडसंहितेच्या ५८ व्या कलमांत अशा नासधुशीसाठीं एक स्वतंत्र पोटकलमच होतें. योजना फसली, यंत्र मोडलें, उत्पादन घटलें, तर त्याचें खापर योजनेवर किंवा घाईवर न फोडतां एखाद्या माणसावर फोडण्याची सोय राज्यकर्त्यांस त्यामुळें झाली. अशांत जून १९३७ मध्यें तुखाचेव्स्की ह्यास राजद्रोही ठरवून गोळी घालण्यांत आली. ज्यानें संस्था स्थापिली तोच देशद्रोही, तर संस्थाहि त्याच्याच कटाचा भाग असली पाहिजे, हें अनुमान ओघानेंच आलें.

नोव्हेंबर १९३७ मध्यें क्लेइमेनोव्ह व लांगेमाक ह्यांस अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्यें दोघांसहि एका दिवसाच्या अंतरानें ठार मारण्यांत आलें. 'कॉस्मोनॉटिक्स' म्हणजे अंतराळप्रवासविद्या हा शब्द श्टेर्नफेल्ड ह्याच्या ग्रंथाचें भाषांतर करून ज्यानें रशियन भाषेंत आणिला, तो हाच लांगेमाक. तें भाषांतर १९३७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. मार्च १९३८ मध्यें ग्लुश्को ह्यास व २७ जून रोजीं कोरोलेव्ह ह्यास पकडण्यांत आलें. पकडलेल्यांकडून मारझोडीनें कबुलीजबाब घ्यावयाचा, त्यांत पुढच्याचें नांव वदवून घ्यावयाचें आणि त्या नांवावर पुढची अटक करावयाची, अशी ही सांखळी होती. २७ सप्टेंबर १९३८ रोजीं कोरोलेव्ह ह्यास दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली. सुनावणीस कांहीं मिनिटेंच पुरलीं.

आतां पुराव्याचा विचार करूं. कोरोलेव्हवर आरोप असा कीं, त्यानें अग्निबाणांच्या कामांत हेतुपुरःसर विलंब व बिघाड केला. परंतु अटकेच्या आधीं एक महिनाहि झाला नव्हता, तोंच, २९ मे १९३८ रोजीं, ह्याच पंखधारी अग्निबाणाच्या चांचणींत यंत्राचा भाग फुटून कोरोलेव्हच्या डोक्यास जबर जखम झाली होती. जो सुरुंग पेरतो तो त्याच्या तोंडाशीं उभा राहत नाहीं, एवढें व्यवहारज्ञान कोणत्याहि गांवच्या पाटलास असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या विमानावरील कामाची नासाडी केल्याचा ठपका त्याजवर होता, तेंच अग्निबाण जोडलेलें विमान २८ फेब्रुवारी १९४० रोजीं वैमानिक फ्योदोरोव्ह ह्यानें सुखरूप उडवून दाखविलें. कर्ता त्या वेळीं कैदेंत होता. त्याच्या निर्दोषपणाची साक्ष अशा रीतीनें त्याच्या यंत्रानेंच आकाशांत दिली. पण ती ऐकण्यास न्यायासन रिकामें नव्हतें.

ह्या प्रकरणांतील सर्वांत दुःखद भाग तुरुंगांतला नसून संस्थेंतला आहे, असें आम्हांस वाटतें. कोरोलेव्ह व ग्लुश्को ह्यांच्या कामाची 'तज्ज्ञ' म्हणून परीक्षा करून प्रतिकूल अहवालावर सह्या करणारे लोक त्यांचेच सहकारी होते. त्यांत आंद्रेई कोस्तिकोव्ह हा प्रमुख. वरिष्ठांच्या जागा रिकाम्या झाल्यावर संस्थेचें नेतृत्व त्याकडेच आलें. त्याचा दोष किती आणि काळाचा किती, ह्याविषयीं रशियन इतिहासकारांत आजहि एकमत नाहीं. सही न करणाराची काय गत होईल हें ज्यास स्पष्ट दिसत आहे, त्याच्या भित्रेपणास दूर बसून नांवें ठेवणें सोपें आहे. पण भीति हें कारण मानलें तरी परिणाम बदलत नाहीं. जो तांत्रिक मतभेद काल टिपणवहींत होता, तो आज आरोपपत्रांत गेला. आणि ज्या संस्थेंत शेजारच्या मेजावरील माणसापाशीं आपली चूक उघड बोलतां येत नाहीं, तेथें संशोधन उरत नाहीं. पुढें १९४४ सालीं एका जेट विमानाचें काम वेळेवर सिद्धीस न गेल्यामुळें खुद्द कोस्तिकोव्हहि अटकेंत पडला. संशयास कृतज्ञता ठाऊक नसते.

कोरोलेव्ह ह्यास पूर्व सायबेरियांतील कोलिमा प्रांतीं माल्द्याक येथील सोन्याच्या खाणीवर धाडण्यांत आलें. थंडी, उपासमार आणि स्कर्व्ही ह्यांनीं त्याचे पुष्कळसे दांत गेले. त्याच्या मातेनें जागोजाग अर्ज केले. ग्रोमोव्ह व ग्रिझोदुबोवा ह्या विख्यात वैमानिकांनीं शब्द खर्चिला. तेव्हां कुठें खटला पुन्हां उघडला गेला. तरीहि जुलै १९४० मध्यें आठ वर्षांची नवी शिक्षा त्याच्या माथीं आलीच. मग कैदी तज्ज्ञांच्या विशेष कार्यशाळेंत, त्याच्यासारख्याच कैदेंत पडलेल्या तुपोलेव्ह ह्याच्या हाताखालीं, त्यास कामास लावण्यांत आलें. ज्यांवर राज्याचा विश्वास नव्हता त्यांच्याकडूनच राज्यास विमानें करवून घ्यावीं लागलीं, ही विसंगति त्या राज्यकर्त्यांस खटकली नाहीं. कोरोलेव्हची सुटका १९४४ च्या जुलैंत झाली.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. कोणी म्हणेल कीं, रशियास खरोखरच शत्रूंनीं घेरलें होतें; अशा वेळीं राज्यानें सावध असूं नये काय? शिवाय एवढें होऊनहि संस्थेचे दारूचे बाण तयार झालेच, आणि १४ जुलै १९४१ रोजीं ओर्शा येथें 'कात्युशा' तोफांनीं ते जर्मनांवर सोडले. मग नुकसान तें काय झालें? पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, सावधगिरी अवश्य असावी. खरे घातपातीहि जगांत असतात. पण सावधगिरी आधीं कृत्य शोधते आणि मग कर्ता. येथें आधीं कर्ते ठरविले आणि मग त्यांच्यासाठीं कृत्यें शोधलीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ओर्शाच्या रणांगणावरच आहे. जे बाण तेथें सुटले त्यांच्यामागें लांगेमाकची बुद्धि व क्लेइमेनोव्हची व्यवस्था होती, आणि ते दोघे साडेतीन वर्षांपूर्वींच मारले गेले होते. द्रव इंधनाच्या मोठ्या अग्निबाणांत तर जर्मनी पुढें निघून गेला. युद्ध संपल्यावर १९४५ सालीं त्याचीच विद्या शिकण्यासाठीं कोरोलेव्ह व ग्लुश्को ह्यांस जर्मनींत जावें लागलें. शत्रूचा हेर संस्थेंत शिरला असता तर त्यानें ह्याहून अधिक तें काय केलें असतें?

पुढचा भाग सर्वविश्रुत आहे. कोरोलेव्ह निर्दोष असल्याचें १८ एप्रिल १९५७ रोजीं जाहीर झालें. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं त्यानें पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. १२ एप्रिल १९६१ रोजीं गागारीन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. तरी कोरोलेव्हचें नांव १९६६ सालीं तो मरण पावेपर्यंत जगास कळूं दिलें नाहीं. क्लेइमेनोव्ह व लांगेमाक ह्यांस तर मरणोत्तर सन्मान मिळण्यास १९९१ साल उजाडावें लागलें.

त्याच राज्यानें मध्यंतरीं एक धडा मात्र घेतलेला दिसतो. २४ ऑक्टोबर १९६० रोजीं मध्य आशियांतील प्रक्षेपणस्थळीं यांगेल ह्याच्या एका प्रचंड अग्निबाणाचें वरच्या टप्प्याचें एंजिन अवेळीं पेटलें व मार्शल नेडेलिन ह्यासह सत्तराहून अधिक माणसें जळून मेलीं. १९३८ सालीं एवढ्या अनर्थांतून शेंकडों घातपाती निर्माण झाले असते. ह्या वेळीं चौकशी समितीनें विद्युन्नियंत्रणांतील दोष शोधून काढिला आणि कोणासहि शिक्षा केली नाहीं. हकीकत जगापासून लपविली, हा दोष उरतोच. पण तोच अग्निबाण दुरुस्त होऊन पुढें उडाला, हेंहि खरें.

हें सगळें परक्या हुकूमशाहीचें वर्तन म्हणून आपण निश्चिंत राहावें, असें मात्र नाहीं. आपल्या अंतराळसंस्थेंतील शास्त्रज्ञ श्री. नंबी नारायणन् ह्यांना ३० नोव्हेंबर १९९४ रोजीं केरळांत अटक झाली. तेथें आरोप घातपाताचा नव्हता, अग्निबाणविद्येचीं गुपितें परकीयांस विकल्याचा होता. पण संशयाचा मार्ग तोच. १९९६ सालीं केंद्रीय अन्वेषण विभागानें तो आरोप निराधार ठरविला. आणि १४ सप्टेंबर २०१८ रोजीं, म्हणजे अटकेनंतर जवळजवळ २४ वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें ती अटक अनावश्यक होती असें म्हणून त्यांना ५० लाख रुपये भरपाई देवविली. दोन्ही देशांतील भेद मोठा आहे: आपल्याकडे न्यायाचें दार शेवटीं उघडलें, आणि ज्याच्यासाठीं उघडलें तो माणूस जिवंत होता. परंतु दार उघडण्यास चोवीस वर्षें लागावीं, ही फुशारकी मारण्याजोगी गोष्ट नव्हे.

नव्या ज्ञानाचा शोध घेणाऱ्या संस्थेस अपयशाची मोकळीक द्यावी लागते. ही मोकळीक दिली म्हणजे एखादा खरा अपराधीहि तिच्या आडोशास लपूं शकेल, हें मान्य केलेंच पाहिजे. त्यासाठीं पुरावा, उघड चौकशी व स्वतंत्र न्यायाधीश हीं साधनें आहेत. परंतु तीं बाजूस सारून जेथें अपयश हाच अपराध ठरतो, तेथें कर्तबगार माणसें प्रथम बळी पडतात. कारण जो कांहीं करतो त्याच्याच हातून कांहीं फुटतें. जो कांहींच करीत नाहीं, त्याच्याविरुद्ध पुरावा कधींच सांपडत नाहीं.