जखम सांधण्याचा इतिहास : 1794 ची पुण्याची नोंद आणि ठाण्याच्या रानातील कात

जखम भरून यावी, तुटलेल्या ऊती पुन्हा जुळाव्यात यासाठी आज पेप्टाइडांवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांवर, जगभर संशोधन होत आहे. क्रोएशियातील झाग्रेब येथील संशोधकांनी 1990 च्या दशकात पुढे आणलेले बीपीसी-157 हे त्यांतील बहुचर्चित नाव होय. त्याविषयीचा बहुतेक पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे; माणसांवरील चाचण्या अगदी थोड्या. तरीही 'केवळ संशोधनासाठी' अशा चिठ्ठीखाली ते विकले जाते. खेळाडूंसाठी ते 2022 पासून निषिद्ध आहे. पुराव्याआधी बाजार असा हा क्रम. महाराष्ट्राच्या इतिहासात याच्या उलट क्रमाचे एक उदाहरण आढळते.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात एक पत्र छापले गेले. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रज सैन्यात बैल हाकीत असे. (नाव पारशी वाटते, पण पत्रात त्याला मराठाच म्हटले आहे.) 1792 च्या युद्धात टिपूने त्याला पकडून त्याचे नाक व एक हात छाटला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. ही शस्त्रक्रिया टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज वैद्यांनी पाहिली होती.

कृती अशी : मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरावयाचे, त्याची आकृती रेखावयाची व तेवढी त्वचा सोडवावयाची; भुवयांमधील एक पट्टी मात्र तशीच ठेवावयाची. ती पट्टी हेच या कृतीचे मर्म. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत त्वचेला रक्त तेथूनच मिळे; सुमारे पंचविसाव्या दिवशी ती कापीत. सुश्रुतसंहितेत त्वचा गालाची घेतली जाते आणि माप झाडाच्या पानाने. म्हणून पुण्याच्या या घटनेला सरसकट 'सुश्रुताची शस्त्रक्रिया' म्हणणे घाईचे ठरते. ग्रंथापासून दूर, हातांहाती चालत आलेली ही विद्या होती.

हे पत्र वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली व 1816 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपीय शल्यशास्त्रात त्यांचे नाव राहिले. रुग्णाचे नाव राहिले, पाहणाऱ्यांचे राहिले, कावसजीचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही राहिले. ज्याने नाक बसविले त्याची केवळ जात नोंदली गेली.

पत्रातील आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. सांध्यावर पाण्यात भिजवून मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवीत व चार दिवस हलवीत नसत. मग तुपात भिजविलेले कापड. कातातील तुरट द्रव्ये प्रथिनांशी बांधली जातात, स्राव आवळतो, वर पापुद्रा धरतो. वीटकऱ्याला प्रथिन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कात हा खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, तो अर्क आटवून करतात. आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या रानांत हे काम ज्यांचे, त्या कातकऱ्यांचे नावच त्यावरून पडले. पुण्यात वापरलेला कात कोणत्या रानचा, हे पत्र सांगत नाही. तो काढणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची कथा मात्र स्पष्ट आहे. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतील खैर तोडणे गुन्हा ठरत गेले आणि कात पाडण्याचा धंदा मोडला. कातकरी कोळसा पाडण्याकडे व मजुरीकडे वळले. या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे आजही पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात.