वस्तादाची साक्ष आणि प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र

आज आपण एका कागदाचा इतिहास बघू. मैदानावर मुलांना शिकवणाऱ्याच्या हातात प्रमाणपत्र कसं आलं, आणि ते नेमकं कशाचं प्रमाण आहे?

तालमीत असा कागद नव्हता. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये, कोल्हापूरचं खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हा वस्तादाला कोणी पदविका विचारत नव्हतं. त्याचे पठ्ठे मैदानात उतरत आणि लोक डोळ्यांनी बघत. न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. पण त्याची मर्यादा बघा. जिंकलेला पठ्ठा दिसतो. गुडघा मोडून घरी बसलेला दिसत नाही.

पुढे 1914 मध्ये अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ज्या कामाचा पाया घातला, त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले, हे पुष्कळांना ठाऊक असतं. आम्हाला त्यांचे उन्हाळी वर्ग जास्त महत्त्वाचे वाटतात. शिक्षक सुट्टीत यायचे, शिकायचे आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायचे. वस्तादाची विद्या पठ्ठ्यापुरती होती. इथे शिकवणाऱ्यालाच शिकवणं सुरू झालं.

याची गरज काय होती? आमच्या शाळेतले ड्रिलमास्तर आठवतात. चूक झाली की पन्नास बैठका! व्यायाम हीच शिक्षा. माणूस वाईट नव्हता. पण वाढत्या वयाच्या मुलाचं शरीर म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम अंगावर घेतलं. 1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिथे पदविका आली आणि ज्यांना दीर्घ काळ राहणं शक्य नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही आला. हवाई दलात काम केलेले ओ. एम. नांबियार पतियाळाला शिकले, आणि पुढे त्यांनी पी. टी. उषाला घडवलं. 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रमाणपत्र हे शब्दप्रमाण आहे. आई-बाप संध्याकाळी मूल मैदानावर सोडतात, तेव्हा प्रशिक्षकाची परीक्षा घेणं त्यांना शक्य नसतं. ते संस्थेच्या शब्दावर विसंबतात. न्यायदर्शन सांगतं की शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त असेल तर, म्हणजे त्याला विषय कळत असेल आणि तो खरं बोलत असेल तर. शिक्का मारणाऱ्या संस्थेने त्या माणसाला मुलांसमोर शिकवताना पाहिलंच नसेल, तर तो शब्द कसला?

आणखी एक गोष्ट. वस्तीतल्या मैदानावर शिकवणारे पुष्कळ जण दिवसभर नोकरी-मजुरी करतात. सहा आठवड्यांची रोजी बुडवून ते पतियाळाला कसे जाणार? कागद सक्तीचा केला आणि वर्ग दूर ठेवला, तर हीच माणसं बाहेर पडतील. पुरस्काराला ज्यांचं नाव दिलं, त्या द्रोणाचार्यांच्या दारातून एकलव्य परत गेला होता, हे आपण विसरू नये. अमरावतीकरांनी शिक्षकाची सुट्टी बघून वर्ग भरवले होते. प्रथमोपचार, वयानुसार व्यायाम, मुलांशी वागणं, एवढं तरी तालुक्याच्या गावी, शनिवार-रविवारी शिकवता येईल. आधी ते करू, मग कागद मागू.

आज इथे थांबू. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.