ठिबकसाठी सँड फिल्टर : खाडीकाठच्या पाण्यातून काय गाळले जाते, काय नाही

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे. अशा ठिकाणी विहिरीवर किंवा तळ्यावर भाजीपाल्याचे ठिबक बसवताना पाण्याचे दोन प्रश्न एकत्र येतात : गाळ-शेवाळ आणि क्षार. सँड फिल्टर पहिला प्रश्न सोडवतो. दुसऱ्याला तो हातही लावत नाही. म्हणून फिल्टरची चौकशी करण्याआधी पाण्याची क्षारता म्हणजे ईसी तपासून घ्यावी, आणि तीही एप्रिल-मे महिन्यात, विहीर खाली गेलेली असताना. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेला नमुना फसवा असतो.

ईसी ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास पाणी सर्व पिकांना चालते. ०.७ ते ३ दरम्यान पीक पाहून निर्णय घ्यावा. घेवड्यासारखी शेंगवर्गीय पिके लवकर मार खातात, पालक बराच तग धरतो. ३ च्या वर असल्यास फिल्टरवर पैसे घालू नयेत. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी विरघळलेले मीठ वाळूतून जसेच्या तसे पुढे जाते.

काम कसे चालते

टाकीत वरून आलेले पाणी वाळूच्या थरातून खाली उतरते. शेवाळ, पानांचे तुकडे, गोगलगायीची अंडी, मातीचे कण वरच्या थरात अडकतात. जाळीच्या फिल्टरवर शेवाळाचा पापुद्रा काही मिनिटांत बसतो. वाळूच्या थरात मात्र जाडी असल्याने भरपूर घाण मावते. त्यामुळे उघडी विहीर, तलाव, शेततळे असल्यास सँड फिल्टर हवाच. बोअरमधून फक्त रेती येत असल्यास आधी हायड्रोसायक्लोन बसवावा. क्रम असा : हायड्रोसायक्लोन (गरज असल्यास), सँड फिल्टर, खताची व्हेंचुरी आणि शेवटी जाळीचा किंवा डिस्क फिल्टर. खतातील न विरघळलेले कण आणि फिल्टरमधून चुकून निसटलेली वाळू हा शेवटचा फिल्टर अडवतो. ठिबकसाठी तो सहसा १२० मेशचा, म्हणजे सुमारे १३० मायक्रॉनचा असतो.

आकार किती घ्यावा

१० गुंठ्यांत १.२ मीटरवर लॅटरल, ४० सें.मी.वर ताशी ४ लिटरचे ड्रीपर धरल्यास सुमारे २,१०० ड्रीपर होतात, म्हणजे ताशी साधारण ८,४०० लिटर. एक एकर एकदम चालवायचे तर हाच आकडा ३३ घनमीटरच्या पुढे जातो आणि २५ घनमीटरचा फिल्टर अपुरा पडतो. अशा वेळी मोठा फिल्टर घेण्याऐवजी शेताचे दोन भाग करून आळीपाळीने पाणी द्यावे. लहान टाकीतून जास्त पाणी दामटले की वाळूत वाटा पडतात आणि पाणी न गाळताच निघून जाते.

वाळू कोणती

कंपनीने दिलेली कोनदार, एकसारख्या दाण्याची सिलिका वाळूच वापरावी. किनाऱ्यावरची वाळू फुकट दिसते, पण तिचे दाणे गोल आणि बारीक असतात, त्यात मीठ व शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे चुनाच; आम्ल प्रक्रियेत तो विरघळतो. शिवाय किनारपट्टी नियमन क्षेत्रातून वाळू उचलण्यास बंदी आहे.

बॅकवॉश

सगळी देखभाल दोन प्रेशर गेजवर अवलंबून आहे. बंद पडलेला गेज बदलण्यात कंजूषी करू नये. येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याच्या दाबातील फरक ०.५ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. झाला की बॅकवॉश करावा. नेहमीच्या प्रवेशाचा व बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून बायपास आणि बॅकवॉशचा व्हॉल्व्ह उघडावा. पाणी खालून वर येते, वाळू उचलली जाते आणि घाण बाहेर पडते. स्वच्छ पाणी येईपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे चालू ठेवावे. सुरुवातीला बाहेर येणारे पाणी बादलीत धरून पाहावे : तळाशी वाळू बसली तर जोर जास्त आहे, व्हॉल्व्ह थोडा आवळावा. वाळू पुढच्या डिस्क फिल्टरमध्ये सापडू लागली तर मात्र टाकीच्या तळातील गाळणी फुटलेली असते.

पाणी शेवाळी असल्यास आठवड्यातून एकदा पंप बंद करून, दाब शून्यावर आल्यावरच झाकण उघडावे. वाळूचे गोळे हाताने फोडावेत. पावसाळ्यात संच बंद ठेवताना टाकीतील पाणी काढून टाकावे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू करताना लॅटरलची टोके उघडून आधी धुऊन घ्यावीत. शेवाळासाठी क्लोरीन आणि क्षारांच्या थरासाठी आम्ल दिले जाते. ही दोन्ही एकत्र किंवा एकाच टाकीतून लागोपाठ कधीही देऊ नयेत, विषारी वायू तयार होतो.

नाल्याचे पाणी

शहराला लागून असलेल्या शेतात उन्हाळ्यात नाल्याचे पाणी उचलण्याचा मोह होतो. सँड फिल्टर ते पाणी स्वच्छ दिसेल इतके गाळतो, पण सांडपाण्यातील रोगजंतू आणि विरघळलेली रसायने त्यातून पार होतात. कोथिंबीर, मुळा, पालेभाज्या यांना असे पाणी गाळूनही देऊ नये.

पाण्यात लोह असल्यासही सावध राहावे. बोअरमधून स्वच्छ आलेले पाणी बादलीत तासाभराने तांबूस झाले, तर ते आधी उंचावरून टाकीत पाडून हवा खेळवावी, तांबूस साका तळाशी बसू द्यावा आणि मगच सँड फिल्टरला जोडावे.