मधली भिंत

साताऱ्याचा प्लॉट बांधायला काढायचा ठरलंय, हे एव्हाना घरात सगळ्यांना कळलं असेलच. (कळलं नसेल तर आत्याने अजून तुम्हाला फोन केला नाही, एवढाच त्याचा अर्थ!) बाबांनी घेतलेला हा तुकडा ४० फूट रुंद आणि ५० फूट लांब. म्हणजे पुरते दोन गुंठेसुद्धा नाहीत. आता तो दादाच्या आणि माझ्या नावावर आहे. विकायचा नाही यावर आमचं एकमत. पण दोघांनाही आपापलं घर हवंय, आणि तिथे गणित सुरू होतं.

गणित सोपं आहे. मधोमध रेघ मारली की प्रत्येकाच्या वाट्याला २० फूट रुंदी. सुटी घरं बांधायची आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे सोडायचे, तर उरले १० फूट. रेल्वेचा डबासुद्धा याहून थोडा रुंद असतो हो! तेच घर एकमेकांना चिकटवून बांधलं तर मधले दहा फूट वाचतात आणि प्रत्येकी १५ फूट मिळतात. पुढे १० फूट, मागे ५ फूट सोडले तर लांबी ३५ फूट. म्हणजे एका मजल्याला ५२५ चौरस फूट, दोन मजले मिळून १०५०. यात आई, आम्ही, मुलं, पाहुणे, सगळे बसतात.

मग अडतंय कुठे? मामा म्हणाला, "सामाईक भिंत म्हणजे सामाईक भांडण." आणि हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. आर्किटेक्टने दिलेले नकाशे बाजूला ठेवले आणि अशी घरं मुळात कुणी, कशासाठी बांधली ते वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडते.

आपण अशा घराला जुळा बंगला म्हणतो. इंग्रज त्याला 'सेमी-डिटॅच्ड' म्हणतात, म्हणजे अर्धं सुटं. घर तेच, पण आपण जोडलेली एक भिंत मोजतो आणि ते सुटलेल्या तीन भिंती मोजतात. गंमत आहे ना? पण त्यांचा इतिहास पाहिला की असं का, ते कळतं.

सुरुवात फार काही उदात्त नाही. डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबस नावाचं गाव आहे. तिथल्या जमीनदाराला, लॉर्ड मिल्टनला, आपल्या हवेलीशेजारचं जुनं बाजाराचं गाव नजरेत खुपायला लागलं. त्याने ते पाडलं आणि १७८० च्या सुमारास थोड्या अंतरावर नवं गाव वसवलं. एकसारखी ३६ घरं, वर गवताचं छप्पर, आणि प्रत्येक घरात दोन कुटुंबं. एका छपराखाली आणि एका मधल्या भिंतीवर दोन बिऱ्हाडं बसली की विटा, माती, लाकूड सगळंच कमी लागतं. जमीनदारांनी मजुरांसाठी जोडघरं बांधली ती अशी, काटकसर म्हणून. आज त्या गावाचे फोटो कॅलेंडरवर शोभतील इतके सुंदर दिसतात. पण त्यातल्या माणसांना विचारून काही ते गाव हललं नव्हतं.

मग शहरातल्या मध्यमवर्गाने हीच युक्ती उचलली. लंडनच्या सेंट जॉन्स वूड भागासाठी १७९४ साली काढलेल्या आराखड्यात जोडीजोडीने उभी घरं दाखवली होती. पण मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडन. हा बागांवर लिहिणारा, मोठा उद्योगी गृहस्थ. १८२०च्या दशकात त्याने लंडनच्या पोर्चेस्टर टेरेसवर एक जोडघर बांधलं. दोन्ही घरांची दारं मुद्दाम दोन टोकांना ठेवली आणि समोर बरोबर मध्यभागी काचेचा एक घुमट उभा केला. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, हा एकाच श्रीमंत माणसाचा प्रशस्त बंगला आहे! भिंत वाटून घ्यायची, पण वाटून घेतली आहे हे कुणाला दिसू द्यायचं नाही. (आमच्या कॉलनीत दोन भावांनी एकच लांबलचक गच्चीचा कठडा काढून अगदी हेच केलंय. त्यांनी लाउडन वाचला असेल असं वाटत नाही.)

हे झालं ज्यांच्याकडे थोडेफार पैसे होते त्यांचं. कारखान्यांच्या शहरांत मात्र गरिबांची घरं 'बॅक टू बॅक' पद्धतीची होती, म्हणजे पाठीला पाठ लावलेली. डावी, उजवी आणि मागची अशा तिन्ही भिंती शेजाऱ्यांच्या. दार आणि खिडक्या फक्त पुढे. वारा आरपार जायला वाटच नाही, संडास अंगणात आणि तोही अनेक घरांत मिळून. १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी आली. बर्मिंगहॅममध्ये अशा घरांचा एक चौक नॅशनल ट्रस्टने जपून ठेवलाय आणि २००४ पासून तो लोकांना बघायला खुला आहे. त्याच्याहून बरी ती ओळीतली घरं, दोन भिंती सामाईक. आणि त्याहून बरं हे जोडघर, एकच सामाईक. आता कळलं का ते सुटलेल्या भिंती का मोजतात? तीन सामाईक भिंतींवरून एकीवर येणं ही त्यांच्यासाठी मिळकत होती.

हे घडवण्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे, रेमंड अनविन. १९१२ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. मुद्दा असा की घरं दाटीवाटीने बसवून फारसा फायदा होत नाही, कारण जेवढी दाटी तेवढे रस्ते जास्त, आणि रस्त्यांचा खर्च शेवटी घरांच्याच डोक्यावर बसतो. पहिलं महायुद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, सर जॉन ट्युडर वॉल्टर्स यांच्या समितीचा अहवाल आला. अनविन त्या समितीत होता. शहरात एकरी १२ घरं, समोरासमोरच्या घरांमध्ये ७० फूट अंतर म्हणजे हिवाळ्यातही ऊन आत येईल, तीन बेडरूम, आंघोळीची सोय. मागच्या बाजूला शेपटासारखी खोली काढू नका, तिच्यामुळे मधली खोली अंधारी होते, हेही त्यात आहे. ३५ फूट लांब घराचा नकाशा समोर घेऊन बसलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं!

त्या अहवालातल्या घरांचे आकार पाहिले आणि मी चकितच झाले. बैठकीची वेगळी खोली नसलेलं तीन बेडरूमचं घर ८५५ चौरस फूट, आणि ती असलेलं घर १०५५. आमचं १०५०! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, इतक्या दूर, दुसऱ्याच हवामानात कुणीतरी सर्वसाधारण कुटुंबासाठी जेवढी जागा ठरवली, जवळपास तेवढीच आमच्या प्लॉटमधून निघते आहे. एवढ्यात होतं की नाही, हा दादाचा प्रश्न माझ्यापुरता तरी त्या दिवशी मिटला.

पण ही वेगळी बैठकीची खोली हवीच कशाला? अनविनने स्वतः १९०२ मध्येच लिहिलं होतं की छोट्या घरात अशी बंद ठेवायची, पाहुण्यांपुरती उघडायची खोली म्हणजे जागेची नासाडी. त्यापेक्षा एकच मोठी खोली करा. आजचे आर्किटेक्टही हेच सांगतात, आमच्याने तर पहिल्याच भेटीत सांगितलं. पुढे १९१८ मध्ये सरकारने फक्त बायकांची एक समिती नेमली. त्या घरं बघत हिंडल्या, कामकरी बायकांशी बोलल्या. त्यांना काय ऐकू आलं? आंघोळीला वेगळी खोली द्या, गरम पाण्याची सोय द्या, आणि हो, ती बैठकीची खोली हवीच! घरात कुणी आजारी असतं, मुलाला अभ्यास असतो, कुणाला जरा शांतपणे बोलायचं असतं, आणि मधल्या खोलीत तर स्वयंपाकापासून कपडे वाळवण्यापर्यंत सगळं चाललेलं असतं. घरात दिवसभर वावरणाऱ्या माणसाला कोणती खोली फुकट नाही ते बरोबर कळतं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? यासाठी समिती कशाला पाहिजे?"

असो. आमच्या नकाशात पुढे दहा बाय बाराची एक बंद होणारी खोली आली आहे, ती या बायकांमुळे.

नंतर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख घरं बांधली गेली, आणि त्यात जोडघराने धुमाकूळ घातला. नकाशा जवळपास ठरलेला. एका बाजूला दार, लहानसा व्हरांडा आणि जिना. दुसऱ्या बाजूला एक खोली पुढे, एक मागे. जिन्यामागे चिंचोळं स्वयंपाकघर. वर दोन बऱ्या खोल्या, एक अगदी पिटुकली, आणि बाथरूम. शेजारचं घर म्हणजे याचंच आरशातलं प्रतिबिंब. विनोदी चित्रं काढणाऱ्या ऑस्बर्ट लँकेस्टरने १९३८ मध्ये या घरांची यथेच्छ टिंगल केली, पण लोक घेत राहिले.

आता यातली खरी गोम ऐका. मधल्या भिंतीला काय टेकवायचं? बऱ्याच घरांनी तिथे बसायच्या खोल्या टेकवल्या, कारण दोन्ही घरांच्या शेकोट्यांची धुराडी एकाच भिंतीत नेता येत होती. ऊब राहते, खर्च वाचतो, आणि जिन्याला बाहेरच्या बाजूची खिडकी मिळते. पण मधली भिंत नऊ इंची भरीव विटांची, त्यात लाकडी तुळया रोवलेल्या. शेजाऱ्याचं खोकणं, भांडणं, पियानो, सगळं इकडे. काही घरांनी उलट केलं. दोघांचे जिने मधल्या भिंतीला लावले आणि बसायच्या खोल्या लांब नेल्या. त्यांना शांतता मिळाली, पण धुराडी बाहेरच्या भिंतीत गेली आणि ऊब उडून गेली.

आपल्याला शेकोटी नको, म्हणून आमची निवड सोपी झाली. दोघांचेही जिने मधल्या भिंतीला, घराच्या मध्यावर, आणि जिन्याच्या वर छपरात काच. म्हणजे लांबुळक्या घराच्या पोटात उजेड येईल. उरलेल्या भिंतीला कपाटं. बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा बाहेरच्या बाजूला. मधल्या भिंतीत पाण्याचा एकही पाइप नाही. आवाजावरून माणसं आठ दिवस अबोला धरतात, ओलीवरून आठ वर्षं.

तरी मामाचं वाक्य शिल्लक होतंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतीसाठी १९९६ चा खास कायदा आहे. त्या भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. चौदा दिवसांत त्याची लेखी संमती आली नाही तर वाद आहे असंच धरतात आणि सर्व्हेअर नेमून तो मिटवतात. सख्खा शेजारी असला तरी कागद लागतोच. मला हे आधी रुक्ष वाटलं. मग लक्षात आलं, कायदा आजच्या शेजाऱ्यासाठी नाहीच मुळी. तो उद्या घर विकत घेणाऱ्यासाठी आहे.

आणि आपल्याकडे? चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ च्या काळात नवी मुंबईत, बेलापूरला, आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे आमच्या निम्म्या हिश्शाहूनही लहान. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती. एवढ्या टिचभर जागेत कुणीही भिंती जोडल्या असत्या. कोरियांनी ठरवून जोडल्या नाहीत. कारण हेच की कुटुंब वाढेल, पैसे येतील, घर वाढवावंसं वाटेल, तेव्हा शेजाऱ्याची परवानगी लागू नये. पुढे लोकांनी घरं वाढवली, मजले चढवले, कित्येकांनी मूळची पाडून नवी बांधली. मूळ वस्ती बदलली म्हणून हळहळणारे आहेत. पण लोकांना ते करता आलं, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता, हे महत्त्वाचं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं सार हे आहे. भिंत वाटून घेतल्याने जागा वाचते, पैसा वाचतो, पण आपलं घर बदलायचा हक्क अर्धा गहाण पडतो. दादा आणि मी भांडणार नाही याची मला खात्री आहे. पण आमचा समंजसपणा मुलांच्या नावावर चढत नाही. भिंत चढते.

म्हणून मी दादाला म्हटलं, घरं चिकटून बांधू, पण भिंती दोन. पाया खाली एकच, वर दोघांचे कॉलम वेगळे, सहा-सहा इंची दोन भिंती आणि मध्ये बारीकशी फट, वरून पाणी जाणार नाही अशी झाकलेली. एका नऊ इंची भिंतीच्या तुलनेत दोघांची मिळून साधारण सहा इंच जागा जाते, खर्चही वाढतो. उद्या कुणी आपलं घर पाडलं तरी दुसऱ्याचं उभं राहील. दादाने दोन दिवस हिशोब केला आणि "ठीक आहे" म्हणाला. पाया, फट आणि गच्चीवरचं पाणी यांचा करारही वकिलांकडून लिहून घेतोय. मामा, वाचतोयस ना?

एवढं सगळं ठरल्यावर आईने तिचं म्हणणं सांगितलं. तिला खालच्या मजल्यावर, दोन्ही भिंतींतून आरपार, एक दार हवंय. "मी कुणाकडे राहते हे मला रोज ठरवायचंय," म्हणाली. आर्किटेक्टने डोकं खाजवलं, पण तिथे लिंटेल टाकून ठेवायचं मान्य केलं. दोन्हीकडून कडी असेल, आणि कधी लागलंच तर अर्ध्या दिवसात विटांनी बुजवता येईल. करारात त्या दाराचं एक कलम घातलंय. वकील म्हणाले, असं कलम त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं.