पोटावर उमटलेला उजेड

घ्या, धरा तळहातावर. टपोऱ्या जांभळाएवढी गोळी आहे. लांबी 26 मिलिमीटर, जाडी 11. एका टोकाला पारदर्शक घुमट आणि त्यामागे इवले दिवे. वेष्टणातून बाहेर काढल्या क्षणी ती जागी झाली आणि लुकलुकायला लागली. कालपासून तुम्ही पातळ खाण्यावर आहात, रात्रीपासून तर निव्वळ लंघन. पोटावर ठिकठिकाणी गोल पट्ट्या चिकटवल्यात, कमरेला नोंदयंत्राचा पट्टा आहे. परिचारिका पाण्याचा पेला पुढे करते. "घोट घ्या आणि गिळून टाका. चावायची नाही हं."

गिळलीत. घशाशी क्षणभर अडल्यासारखं झालं आणि कॅमेरा आत गेला.

"दोन तास काहीच नको. मग पाणी प्या. चार तासांनी मऊभात चालेल," ती सांगते. "फिरा, बसा, वाचा. संध्याकाळी पट्टा काढायला या."

म्हणजे अख्खा दिवस तुमचा. बाहेरच्या बाकावर बसून मोबाइल चाळण्यापेक्षा माझ्याबरोबर चला. मी तुम्हाला 1950च्या उन्हाळ्यात टोकियोला नेतो. गोळी इथेच राहील, तिकडे ती अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. पोटदुखी मात्र तुमच्याबरोबर येईल. ती नसेल तर तिथे तुम्हाला काही कामच नाही.

पायांकडे बघा. लाकडी खडावा आहेत. आणि एकट्या तुमच्याच नव्हेत, साऱ्या रस्त्याच्या पायांत खडावा आहेत. खट-खट, खट-खट, सगळा फुटपाथ वाजतोय. उकाडा कसला म्हणाल, तर मुंबईच्या मे महिन्याचा सख्खा भाऊ. अंगाला सदरा चिकटलाय. झाडांवरचे किडे भर सकाळीच असे किर्र करतायत की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. घरांच्या दारांत मातीच्या छोट्या शेगड्या पेटल्यात. त्यांवर मासळी भाजली जातेय आणि तिचा तेलकट धूर गल्लीभर लोंबकळतोय. त्यात मुळ्याच्या लोणच्याचा आंबूस उग्र वास मिसळलाय. मागून एक बैलगाडी येतेय. तिच्यावर झाकणं लावलेली लाकडी पिंपं आहेत. नाक दाबा! शहराचा मैला शेताकडे निघालाय, खत म्हणून. लोक सवयीने बाजूला होतात, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही.

कोपऱ्यावर सायकल लावून एक माणूस दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटतोय. टक, टक, टक! गल्लीतली पोरं धावत सुटली. सायकलच्या मागे लाकडी चौकट आहे आणि चौकटीत चित्रं. जो गोळ्या विकत घेईल त्याला पुढे उभं राहून गोष्ट ऐकायला मिळणार. थोडं थांबावंसं वाटतं ना? थांबू नका. नऊच्या आत पोचायचंय आणि तुमच्या पोटात पुन्हा ती कळ उठलीय, छातीच्या हाडाखाली, अंगठा रोवल्यासारखी.

ट्राम आली. चढलात म्हणता येणार नाही, मागच्यांनी तुम्हाला चढवलं. आत माणसांचा लगदा झालाय. घाम, जुनं सुती कापड, कुणाच्या तरी केसांचं तेल. एका बाईने कापडाच्या गाठोड्यात रताळी बांधलीत आणि ते गाठोडं नेमकं तुमच्या पोटावर दाबलं जातंय. तिला काही बोलू नका. ही रताळी तिने बहुधा खेड्यात जाऊन मिळवलीत, घरी चार तोंडं वाट बघत असतील. तांदूळ अजून मोजून मिळतो, तोही बार्ली मिसळून शिजवायचा. स्थानकाशी ट्राम थांबते तेव्हा अकॉर्डियन ऐकू येतं. पांढरे कपडे घातलेला, एक पाय गमावलेला माणूस वाजवतोय, समोर पैशांसाठी डबा आहे. गर्दी त्याच्याकडे बघतही नाही आणि त्याला ओलांडूनही जात नाही, पाण्यातल्या दगडाला पाणी देतं तशी वाट देते.

घरच्यांनी तुमच्या पोटदुखीवर उपाय केलेच आहेत. तोयामाकडचे औषधविके घरोघर औषधांची पेटी ठेवून जातात. लागेल तेवढं वापरायचं आणि पुढच्या खेपेला तेवढ्याचेच पैसे द्यायचे. किती सुरेख विश्वासाचा व्यवहार! त्या पेटीतलं अस्वलाच्या पित्ताचं औषध तुम्ही महिनाभर घेतलंत. इतकं कडू की जिभेने घशात माघार घ्यावी. दुखणं हललं नाही. मग शेजारणीने आवाज खाली करून सांगितलं, विद्यापीठाच्या इस्पितळात एक तरुण सर्जन आहेत, त्यांना एकदा दाखवा. आवाज का खाली केला, ते तुम्हाला कळलंय. या देशात पोटाचा कर्करोग घराघरांतून माणसं नेतो. तो शब्द रुग्णासमोर कुणी उच्चारत नाही, डॉक्टरसुद्धा नाही.

इस्पितळाच्या दारात खडावा काढा, सपाता घाला. जंतुनाशकाचा तिखट वास नाकात घुसतो, फळ्यांची जमीन पायाखाली करकरते. बाकांवर माणसं दाटीने बसलीत आणि सगळ्यांच्या हातांत कागदी पंखे. फड, फड, फड. पलीकडे बसलेल्या आजी स्वतःला एकदा आणि तुम्हाला एकदा असा वारा घालतायत. ओळख ना पाळख. "रिकाम्या पोटी आलात ना?" एवढंच विचारतात आणि पंखा चालू ठेवतात.

इथे थांबून सांगायला हवं की आजवर डॉक्टरांच्या हाती काय होतं. हाताने चाचपायचं, किंवा खडूसारखं बेरियम पाजून क्ष-किरणांत पोटाची सावली बघायची. सावलीत मोठी गाठ दिसते, कोवळी दिसत नाही. नळी घालून थेट डोळ्याने बघायची हौस मात्र जुनी. 1868मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला कुसमाउल नावाच्या डॉक्टरने चक्क तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याला बोलावलं आणि 47 सेंटिमीटरची सरळ नळी त्याच्या घशातून खाली उतरवली. नळी गेली, पण उजेड पुरला नाही. त्या खेळकऱ्याने पोटाचा अंधार डॉक्टरांना दाखवला, एवढंच झालं. पुढे वाकणाऱ्या नळ्या आल्या, पण अर्धीच वाकणारी नळी गिळणं म्हणजे काय, ते गिळणाऱ्यालाच विचारा. सगळ्या शोधांच्या गोष्टी नळीच्या वरच्या टोकाला उभ्या असलेल्यांच्या असतात. आज तुम्ही खालच्या टोकाला आहात, म्हणून तर मी तुम्हाला इथे आणलं.

तुमचं नाव पुकारलं.

डॉक्टर उजी तिशीतले आहेत. त्यांनी ऑलिम्पस या भिंगं आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीला गाठलं आणि मागणी केली ती अशी: पोटात जाईल असा कॅमेरा करून द्या. तिथले सुगिउरा आणि फुकामी या खुळासारख्या वाटणाऱ्या मागणीमागे लागले. भिंग किती लहान घासायचं, दिवा किती लहान फुंकायचा, नळी कशाची करायची, हे एकेक करत, बिघडवत, पुन्हा करत. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. आता ती वस्तू समोरच्या ट्रेमध्ये वेटोळं करून पडलीय. लवचीक नळी, तिच्या टोकाशी भिंग, दिवा आणि नखापेक्षाही अरुंद फिल्मची पट्टी. ही वस्तू गिळायची आहे. जांभळासारखी टपकन नव्हे, हात हात आत घ्यायची आहे.

घशात बधिर करणारं औषध फवारलं. जीभ जाड झाली, आवंढा कुठे गेला ते कळेना. डाव्या कुशीवर व्हा. परिचारिका एका हाताने तुमची हनुवटी धरते, दुसरा हात पाठीवर ठेवते. "नाकाने श्वास घ्या. गिळा. आता गिळा." नळी पडजिभेला लागते आणि सगळं शरीर बंड करून उठतं. ओकारी, ठसका, डोळ्यांतून पाणी. तोंडातून लाळ गालावर, गालावरून उशीवर. लाजू नका, ती तिथे पुसायचीही नसते, वाहू द्यायची. पुन्हा गिळा. आणि अचानक नळी घसरते, छातीतून काहीतरी खाली उतरत गेलेलं तुम्हाला जाणवतं आणि थांबतं. डॉक्टर रबरी फुगा दाबतात. पोटात हवा भरते, लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेलं जेवल्यासारखं पोट तट्ट होतं. ढेकर येऊ पाहतो, परिचारिका मान हलवते. नको, हवा आत राहू दे.

मग कुणीतरी दिवा घालवतं.

पडदे आधीच ओढलेत. मिट्ट काळोख, बाहेर किर्र आवाज, आत तुमचा नाकातला घरघरता श्वास. या नळीतून डॉक्टरांना काही दिसत नाही, तिच्यात डोळा लावायची जागाच नाही. आत कॅमेरा नेमका कुठे आहे, तो कुठल्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे मग कळायचं कसं? मान जरा खाली करा, जमेल तेवढी. बघा.

तुमच्या पोटावर उजेड उमटलाय.

आतला चिमुकला दिवा लखलखतो आणि कातडीवर तांबूस, मऊ कडांचा डाग उजळतो. हाताच्या पंजामागे विजेरी धरली की दिसतो ना, तसा. उजेड जिथे दिसेल तिथे आत कॅमेरा. डॉक्टर त्या डागाकडे बघत नळी जराशी फिरवतात, तार ओढून फिल्म पुढे सरकवतात. पुन्हा लखकन. डाग दोन बोटं वर सरकला. पुन्हा. आता डावीकडे. खोलीत कुणी बोलत नाही. सगळेजण तुमच्या पोटाकडे बघतायत आणि तुम्हीही. आयुष्यभर जे अंधारात होतं, जन्मापासून एकदाही उजेड न पाहिलेलं, तिथे आत्ता दिवा लागलाय. घसा जळतोय, लाळ वाहतेय, आणि तरी तुम्ही मोजताय: एक, दोन, तीन. या यातनेत कुतूहल वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं नसतं.

नळी बाहेर येते ती आत जाण्यापेक्षा फार लवकर. आजी दारातून डोकावतात, पुढचा नंबर त्यांचा. तुम्ही बोलू शकत नाही, म्हणून नुसता हात वर करता. त्या त्यांचा पंखा तुमच्या हातात देतात आणि आत जातात.

फिल्म अंधारखोलीत गेली. रसायनांचा आंबट वास दाराच्या फटीतून येतोय. तुम्ही पंखा हलवत बसून राहता. चित्रं येतात ती काळीपांढरी, नखाएवढी, भिंगाखाली धरून बघायची. दोन नुसती पांढरी झालीत, एकावर लाळेचा बुडबुडा आहे. एक मात्र स्वच्छ. नांगरून ठेवलेल्या शेतासारख्या वळ्या, सरीवर सरी, आणि एका सरीत छोटासा खळगा. जखम आहे, पण साधी. डॉक्टर खूप वेळ बघतात, मग तोंडभर हसतात. "हे तुमचं पोट," म्हणतात. तुम्ही त्या कागदापुढे कमरेतून वाकून नमस्कार करता. डॉक्टरांना की पोटाला, कोण जाणे.

घशाचा बधिरपणा उतरला की घरी तांदळाची पेज मिळते. पातळ, वाफाळती, वर एकच आंबट-खारट आलुबुखार. बाजूला अजून त्याच गल्लीतला धूर, तेच ठोकळे. पहिला घोट घशातून उतरतो तेव्हा खरचटलेली प्रत्येक जागा जाणवते आणि तरी तो घोट...

"चार तास झाले. खाल्लंत की नाही?"

परिचारिका. पुन्हा इथे. मांडीवर डबा आहे, घरून आलेला मऊभात, कडेला मेतकूट. खा सावकाश. तुम्ही तिकडे होतात तेवढ्या वेळात गोळी पोट सोडून लहान आतड्यात शिरलीय. तिथे नळीचा हात पोचायला फार अवघड, आणि म्हणूनच तर ही गोळी जन्माला आली. गॅब्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याचं काम क्षेपणास्त्रांच्या डोळ्यांचं. बॉस्टनमध्ये असताना शेजारी राहणाऱ्या पोटविकारतज्ज्ञाने त्याला हीच अडचण सांगितली, लहान आतडं दिसत नाही. त्याने विचार केला, डोळा आत पाठवू, आणि नळी नकोच. 2001मध्ये पहिल्या गोळ्या रुग्णांपर्यंत आल्या. सेकंदाला दोन चित्रं, दिवसभरात पन्नास हजारांहून जास्त. तिला चालवणारं कुणी नाही, आतडं जसं अन्न ढकलतं तसंच तिलाही ढकलतं. जठराच्या मोठ्या पिशवीत ती हवी तशी लोळते, हवं तिकडे बघते, म्हणून जठरासाठी आजही बहुतेक वेळा नळीचीच दुर्बीण लागते, आणि तीही आता फार सोसवते. आणि गोळी आत कुठे आहे, हे कळतं ते तुमच्या पोटावर चिकटवलेल्या त्या गोल पट्ट्यांवरून. ज्या पट्टीला संदेश जोरात ऐकू येतो, गोळी तिच्या जवळ. म्हणजे अजूनही पोटाच्या कातडीलाच विचारावं लागतं.

जेवून झाल्यावर तुम्ही हात धुवायला जाता. दार लावता. मग, कुणी बघत नाही याची खात्री करून, दिवा घालवता आणि सदरा वर करता.

काहीच दिसत नाही. गोळीचे दिवे फार इवले आहेत. फक्त कमरेच्या नोंदयंत्रावर एक ठिपका लुकलुकतोय. तरी तुम्ही मान खाली घालून, अंधारात, आणखी थोडा वेळ बघत राहता.